आंदणाची कोशी

श्रावण सरत आला, तरी घाटमाथ्यावर मेघांची मिरवणूक काही सरेना. नीलश्याम डोंगर धुक्यात बुडालेले, हिरव्यागार भातखाचरांवर सरींमागून सरी, आणि गोठ्यात नुसती ओलच ओल. काय म्हणावं या पावसाला! दोन महिने झाले, सूर्य म्हणून दिसला नाही.

त्या ओलीत उभी होती कोशी. माणदेशाची खिल्लार गाय. धवलकांती, दीर्घशृंगी, कृष्णनयना. वैशाखात हौसाचं लग्न झालं, तेव्हा बापाने लेकीला आंदण दिलेली. मोकळ्या माळावर, कोरड्या वाऱ्यात वाढलेलं ते जनावर. इथल्या चिखलाने त्याचे खूर कुजले. एक पाय टेकी, दुसरा उचली. हौसा रोज कोमट पाण्याने ते खूर शेकी, हळद-तेल लावी, आणि पाऊस रोज ते धुऊन नेई.

अंगणात आज दुसरी गाय होती. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची डांगी, तेलकट कातडीची. अळवाच्या पानावरून निथळावं तसं तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. हौसाच्या नवऱ्याने, देवरामने, ती सकाळीच आणली होती. शेत एवढंसं, गोठा एकाच जनावराचा.

"हौसा, इथं डांगीच टिकायची," तो हळूच म्हणाला. "कोशीला माहेरी, तुझ्या दादाकडं धाडू. इथं ठेवली, तर दसरा बघायची नाही ती."

"कळतंय हो मला. कळतंय म्हणूनच गप आहे."

ती काय निवडणार, कपाळ! निवड पावसाने केव्हाच केली होती. तिच्या हाती उरलं होतं फक्त दावं सोडणं.

टेम्पो आला. हौसाला वाटलं, कोशी अडेल. मानी जात ती. शिंगं उगारील, चार माणसांना आवरणार नाही, मागे वळून हंबरेल. एवढंच हवं होतं तिला. एकदा, फक्त एकदा हंबरणं.

कोशीने मान वर केली. त्या सर्दगार हवेत तिला माळावरचा वारा कुठून लागला, देव जाणे! लंगडत, लंगडत ती आपली आपण फळीवर चढली, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. वळली नाही.

टेम्पो धुक्यात शिरला. धवल पाठ धूसर झाली. धूसर होत होत धुकंच झाली.

हौसा रिकामं दावं घेऊन चिखलात उभी. भाताच्या आवणीपासून तिच्याही पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी सोलवटून ठणकत होती. ते पाय कुणी शेकले नव्हते. तिलाही जायचं होतं. पण तिला कोण धाडणार?

अंगणात डांगी वैरणीसाठी हंबरली.

आणि पाऊस पडत होता, पडतच होता. हौसा एक पाय टेकीत, दुसरा उचलीत, गोठ्याकडे वळली.