कण्हेरीचा वाळका पाला

पंचफुलाच्या दारातली कण्हेर सगळ्या पेडगावात उठून दिसायची. गुलाबी फुलांनी लगडलेली, आणि संध्याकाळी असा गोड वास की जाणारा-येणारा घटकाभर रेंगाळायचाच. विषारी म्हणून कुणी नाक मुरडलं की पंचफुला फटकन म्हणायची, "शेळी तोंड लावत न्हाई तिला. जनावराला कळतंय, तुमाला कळंना!"

खरंच होतं ते, पण ओल्या पाल्यापुरतं. हिरवा पाला कडू, जनावर हुंगून सोडतं. वाळला की कडूपणा मरतो आणि विष तसंच राहतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं.

शेजारची तानुबाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली, ती म्हैस आणि तिची लहान वगार पंचफुलाच्या हवाली करून. "तुझ्याच भरवशावर जायलेय," म्हणाली. पंचफुलानं दोन्ही जिवांना पोटच्या पोरींसारखं जपलं. एक दिवस दारावर आलेल्या फांद्या तिनं छाटल्या आणि कडब्याच्या गंजीजवळ टाकल्या. आठवड्यानं कडबा ओढताना वाळका पालाही गव्हाणीत गेला. दुपारी म्हैस आडवी झाली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपली. दुधावरची वगार तेवढी वाचली.

साप चावला असेल, लोक म्हणाले. गव्हाणीत उरलेली पानं बघून पंचफुलाला सगळं उमगलं. ती पानं तिनं गुपचूप उकिरड्यात पुरली आणि तानुबाईला साप चावल्याचंच कळवलं. दोन दिवस गेले, तिनं तोंड काही उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उसाच्या फडातून तानुबाईचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"साप न्हाई गं. माझ्या दिरानं, मुंजाजीनंच घातलं असंल कायतरी. बांधावरून लय डूख हाय त्याचा. उद्या यायलोत आमी. पोलिसात देते त्याला."

मुंजाजी! डॉक्टरला आणायला तोच तर बिचारा गाडी काढून पळाला होता. पंचफुला घाईनं म्हणाली,

"अक्का, त्यानं न्हाई. माझ्या हातानं झालं. कण्हेर छाटली होती, वाळका पाला कडब्यात गेला."

पलीकडे कोयते चालूच होते.

"मुंजाजीचं नाव निघालं नसतं," तानुबाई म्हणाली, "तर सांगितलं असतंस का?"

हो म्हणणं सोपं होतं. एक खोटं पचलं होतं, दुसरंही पचलं असतं.

"न्हाई," पंचफुला म्हणाली.

 तानुबाई म्हणाली, "आमी येईस्तवर वगारीला तूच पाणी दाखव," आणि तिनं फोन ठेवला.