प्लेटमधलं वर्तुळ

सोमवारी धार काढून आल्यावर आकारामांनी ठणकणारा पाय पाटावर ठेवला. खुरपं लागून आठवडा झाला होता.

"दाव बघू माजं किडं," ते लेकीला म्हणाले.

पूर्णिमाने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. प्रयोगशाळेत तिने त्यांच्याच जखमेच्या पुवातले जंतू प्लेटवर वाढवले होते. नेहमीच्या औषधांच्या चकत्यांना जंतू खेटून वाढले होते. दगडीपाल्याच्या अर्काभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ होतं.

"इथं मेलेत, आबा. गोळ्यांना दाद न देणारे."

"पाल्याला भ्यालं म्हण की! आन् त्यो डाक्टर म्हनतोय, आडमिट व्हा." त्यांनी तिथूनच शेजारणीला हाळी दिली, "शालूबाई, माज्या लेकीनं आवशद काडलंय!"

तिच्या कामाचं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. पूर्णिमा हसली. "दवाखान्यात जायला हवं, आबा," एवढंच म्हणाली.

"जाऊ की, गुरुवारी. दूध संस्थेची सभा हुंदे."

त्यांनी पाला ठेचून जखमेवर बांधला. तिने बांधू दिला.

बुधवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. गडमुडशिंगीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. जंतूंवर चालेल असं एकच औषध उरलं होतं आणि ते सोसायला मूत्रपिंडं धड नव्हती.

"तुजं आवशद आण की, पोरी."

"आणते, आबा."

ती प्रयोगशाळेकडे धावली. फ्रीजमधून अर्काची बाटली काढून पर्समध्ये टाकली. ते मिथेनॉलमधलं तपकिरी पाणी कुठल्याच माणसाच्या शिरेत कधी गेलं नव्हतं. त्याने जंतूंआधी माणसालाच मारलं असतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी बाटली मुठीत धरून ती अतिदक्षता विभागाच्या दारात उभी राहिली. आत जाववेना, परतही फिरवेना. नर्स बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं.

रक्षाविसर्जनाहून माणसं परतली, सोप्यात टेकली. शालूबाई तिच्याजवळ सरकली.

"आमच्या पिराजीचा गुडघा पिकलाय गं. आबांचं आवशद हाय न्हवं थोडं? तेंचं आयुष्यच सरलं, त्याला तू काय करणार!"

सगळ्यांनी माना वळवल्या. 

"काकी, त्याला आत्ता दवाखान्यात न्या. ते औषध नव्हतं. प्लेटवर जंतू मेले, माणसात मरतील असं कुणीच म्हटलेलं नाही. आबांना ते औषध वाटत होतं आणि मी वाटू दिलं. त्यांना हे मी सांगितलंच नाही."