चाचणीआधीचं ग्रीस

ठक्. ठक् ठक्.

रोवेना टेस्के जिन्यातच थबकली. खाली पंपाच्या खोलीत कुणी असणं शक्यच नव्हतं, चावी तिच्याच हातात होती. तरी आवाज आलाच! पाना लोखंडावर हलकेच आपटावा तसा; आधी एकदा, मग दोनदा. तिचा नवरा ऑर्विन अस्साच ठोकायचा. पण ऑर्विनला जाऊन अख्खा हिवाळा उलटला होता.

"काय गं, भूत दिसलं की काय?" मागून तिचा साहेब, मर्ल हॉस्किन्स, धापा टाकत उतरत होता.

"दिसलं नाही. ऐकलं."

"मग त्याला म्हणावं, लवकर आटप. शुक्रवार आहे. चर्चच्या शुक्रवारच्या जेवणातले तळलेले मासे संपले तर मी तुलाच तळून खाईन."

ती हसली. खोलीचं दार उघडलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

समोर म्हातारा बसला होता. म्हणजे व्हॉल्व्ह हो! अणुभट्टी अवचित बंद पडली, की यानं उघडून पंपाला वाफ द्यायची आणि पंपानं भट्टीला पाणी पाजायचं. काम एवढंच, पण ऐन वेळचं. म्हणून दर महिन्याला त्याची चाचणी. आणि दर चाचणीआधी ऑर्विन त्याच्या दांड्याला ग्रीस चोळायचा, चाक हातानं मागंपुढं फिरवायचा, पान्यानं ठोकायचा आणि म्हणायचा, "ऊठ रे म्हाताऱ्या!" मग वर कंट्रोल रूममध्ये बटण दाबलं, की म्हातारा कसा अलगद उघडायचा!

"हे चालतं का रे?" तिनं एकदा विचारलं होतं.

"शाळेत फोटो काढायच्या दिवशी पोराचे केस विंचरतेस ना? तसंच."

किती सरळ वाटलं होतं तेव्हा!

चाचणीत शहाणा असणारा हा म्हातारा खऱ्या गरजेला मात्र अडायचा. दुसरा पंप होता म्हणून निभावलं. मग दुरुस्ती व्हायची. एकदा मोटर बदलली. एकदा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून शिकवणी घेतली, जणू व्हॉल्व्ह नाही, माणसंच गंजली होती! गेल्या शरद ऋतूतल्या वादळात तो पुन्हा अडला, तेव्हा नवी स्प्रिंग आली. त्यानंतरची चाचणीही झकास झाली. मोठ्या साहेबांनी केक आणला, त्यावर क्रीमनं ऑर्विनचं नाव.

ऑर्विननं तो केक खाल्ला नाही. घरी येऊन सिंकपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिला. "त्या वादळात त्याला उठवायला मी नव्हतो, रो."

"झाली का बढाई सुरू?" ती म्हणाली होती.

बढाई नव्हती ती. चाचणीत म्हातारा उघडायचा तो त्याच्या हातामुळेच, हे आता तिला कळत होतं, आणि आता ऑर्विन नव्हता. त्याच्यामागून ग्रीसचा डबा तिच्याकडे आला होता. ती तसंच चोळायची, तसंच ठोकायची. त्याचा हात हातात घेतल्यासारखं वाटायचं.

"चल, फिरव हात," मर्लनं फोन उचलला. "वर सांगतो, तयार म्हणून."

रोवेनानं डबा जमिनीवर ठेवला.

"आज नाही."

"म्हणजे?"

"तसाच उघडू दे. वादळात उघडावा लागतो तसा."

मर्लचा चेहरा पडला. त्याला समजलं होतं. इतकी वर्षं शेजारी उभा राहून समजलं नव्हतं, ते एका क्षणात. "अगं, नाही उघडला तर भट्टी बंद ठेवतील! सरकारी माणसं येतील. विचारतील, आधी कोण काय करायचं. ऑर्विनचं नाव निघेल, रोवेना. लोक काय म्हणतील त्याला?"

"माहितेय."

"तुला चालेल?"

तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. हात फार वाईट असतात, सवयीनं आपलेआपण पुढं जातात.

मर्लनं त्या हातांकडे पाहिलं. मग फोनमध्ये हळूच म्हणाला, "दाबा."

मोटर घुमली. दांडा थरथरला, कण्हला, आणि तिथंच राहिला. मोटर गप्प झाली.

"उघडला का?" फोनमधून आवाज आला.

मर्लनं घसा खाकरला. "नाही. आणि लिहून घ्या... आज त्याला आधी कुणी हात लावला नव्हता." जरा थांबून म्हणाला, "याआधी दर वेळी लावायचो. आम्ही सगळेच."

आम्ही सगळेच! रोवेनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं अडलेल्या म्हाताऱ्यावर पिवळी बिघाडाची चिठ्ठी बांधली, अगदी नीट, सुटणार नाही अशी.

"मासे गार झाले असतील," मर्ल म्हणाला आणि पुढं निघाला.

जिन्यात, त्याच पायरीवर, ती थांबली. कान देऊन ऐकलं. श्वासही रोखून धरला.

खाली काहीच वाजत नव्हतं.

ती आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली.