धम्मानंदची चावी

धम्मानंद गेला त्याला आज बारावा दिवस, आणि बारा दिवस झाले तरी त्याचा कॉम्प्युटर चालूच होता. चिक्कडपल्लीच्या त्या दोन खोल्यांत बाकी सगळं थांबलं होतं, तेवढा त्या डब्यातला पंखा घरघरत होता. त्याचे वडील देवराव रोज सकाळी स्क्रीन फडक्यानं पुसत आणि बटणाजवळ कुणाला फिरकू देत नसत. "मला विचारल्याबिगर बंद करू नका, असं सांगितलंय त्यानं," एवढंच म्हणत. आता विचारायचं कुणाला, हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार!

सांगायची पाळी सुमेधावर आली. ती धम्माची धाकटी बहीण, सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत. खालच्या मजल्यावरच्या शोभाताई सकाळीच सांगून गेल्या होत्या, की दोनला करंट जाणार तो संध्याकाळीच येणार. इन्व्हर्टरची बॅटरी तर केव्हाची फुगून बसलेली.

जाईना का, म्हणायची सोय नव्हती. आईचा, भागूबाईचा आवाज त्यात होता. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्याआधीच्या उन्हाळ्यात धम्मानं तिच्याकडून जयंतीचे सगळे पाळणे गाऊन घेतले आणि कॉम्प्युटरात कुलपात ठेवले. उद्या विहारात धम्माचं पुण्यानुमोदन, आणि देवरावांना तिथं तोच आवाज हवा होता. "लेकराला त्याच्या मायनंच निरोप द्यावा," ते म्हणाले होते. बारा दिवसांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

आता त्या कुलपाची तऱ्हा ऐका. धम्मा पासवर्ड कधी लिहून ठेवत नसे. कागदावर नाही, फाईलमध्ये तर नाहीच नाही. मशीन सुरू केलं की आदेश टाइप करायची ती काळी खिडकी उघडायची आणि 'चावी' असं नाव देऊन त्यात पासवर्ड हातानं भरायचा. मग त्या खिडकीतून जो प्रोग्रॅम सुरू होईल, त्याला ती चावी आपोआप मिळायची. खिडकी मिटली की चावी गेली. टाइप केल्याची खूणसुद्धा तो मागं राहू देत नसे. ही खोड बापाची! देवराव तीस वर्षं काचीगुड्याकडच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. फाटक लावलं की स्टेशनमास्तरला फोनवर गुप्त नंबर सांगायचा, आणि तो तिसऱ्या कानी पडू द्यायचा नाही. "नंबर तोंडात ठेवावा, भिंतीवर लिहू नये," हे धम्मा पोरवयात केबिनमधल्या स्टुलावर बसून ऐकत आला होता.

सुमेधानं बाराला बसून नवी खिडकी उघडली आणि चावी विचारली. रिकामी! मग ती अंदाजानं एकेक शब्द चावीत भरून कुलूप उघडू पाहू लागली. आईचं नाव, गावाचं नाव, धम्माची जन्मतारीख. एकही लागेना. एक वाजून गेला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अगं वेडे, चावी धम्माच्या खिडकीत असणार, तुझ्या नव्हे. सगळ्या खिडक्या बाजूला सारल्या, तर तळाशी ती होतीच, बारा दिवसांपूर्वी त्यानं सोडली तशी.

आणि इथं घात झाला. तासभर एकच ओळ लिहून हाताला वळण पडलेलं. चावी काय आहे ते विचारायचं सोडून तिनं सवयीनं चावीत आईचंच नाव भरलं आणि एंटर दाबलं. धम्मानं भरलेलं पुसलं गेलं.

"बाबा," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "मी घालवली हो. माझ्या हातानं घालवली."

देवराव तिच्याजवळ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तो डबा तर अजून घरघरतोय," ते म्हणाले. "त्यात काय चाललंय मग?"

सुमेधानं डोळे पुसले. चालला होता तो धम्माचा राखणदार प्रोग्रॅम, दर सहा तासांनी पाळण्यांची कुलूपबंद नक्कल दुसरीकडे ठेवणारा. याच खिडकीतून धम्मानं सुरू केलेला. ती ताडकन सरळ बसली.

"बाबा, खिडकीतून निघालेला प्रोग्रॅम म्हणजे तिचं लेकरू. निघताना तिच्याकडं जे असतं त्याची नक्कल घेऊन निघतं. मागाहून तिनं बदललं तरी लेकराकडचं तसंच राहतं."

"आन् लेकरानं बदललं तर?"

"ते मागं येत नाही. आईबापाला कळतसुद्धा नाही."

"नाहीच कळत, माय," देवराव म्हणाले. धम्माच्या छातीत चार दिवस दुखत होतं, आणि त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

पावणेदोन झाले होते. सुमेधानं मशीननं राखणदाराला दिलेला क्रमांक शोधला आणि त्यानं सोबत काय काय आणलं होतं ते एकेक ओळ करून वाचू लागली. मध्येच तिचं बोट थबकलं. चावी होती. इंग्रजी अक्षरांत, सगळे शब्द एकमेकांना चिकटवून लिहिलेली.

"काय हाय?" देवरावांनी विचारलं.

तिनं सावकाश वाचलं. "गेट बंद आहे साहेब, गाडी सोडा."

तीस वर्षं रोज फोनवर म्हटलेलं वाक्य. देवरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांना वाटायचं, पोराला फाटकवाल्याचा लेक म्हणवून घ्यायची लाज वाटते. कॉलेजात गेल्यापासून तो त्या केबिनकडे फिरकला नव्हता. आणि इकडे रोज सकाळी तो हेच टाइप करत होता!

कुलूप उघडलं. पहिलाच पाळणा लागला आणि भागूबाई खाकरून गाऊ लागली. मध्येच "ऐकू येतंय का रे धम्मा?" असं तिनं विचारलं, आणि "हौ आई, गा तू," असा धम्माचा आवाज आला. त्याचाही आवाज त्यात असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. देवराव मटकन खाली बसले आणि बारा दिवसांत पहिल्यांदा रडले.

दोनला चार मिनिटं असताना सगळे पाळणे सुमेधाच्या फोनमध्ये आले. दोनदा वाजवून तिनं खात्री केली आणि बंद करायला हात पुढं केला.

"थांब," देवराव म्हणाले. "मला करू दे."

ते उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ड्यूटीवर उभं राहत तसे ताठ उभे राहिले. तिनं दाखवलेल्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं.

"गेट बंद आहे साहेब," ते म्हणाले. आवाज फाटला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "गाडी सोडा."

पंखा थांबला. देवरावांनी खुंटीवरचं फडकं घेतलं आणि काळा पडलेला स्क्रीन एकदा पुसला.