वरची ओळ

"ताई, फाईलमधी वर ती वेबसाईटची ओळ व्हती ना, ती मीच काढली," मच्छिंद्र फोनवर म्हणाला. "हितं कॉम्प्युटरला नेट न्हाई. म्हटलं, मशीन उगाच तिकडं शोधत बसायचं."

श्रीरामपुरात, मांडीवरच्या लेकीला पाजता पाजता रेबेकाने डोळे मिटले. दूध केंद्रांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर ती घरूनच सांभाळायची. मिरजगावजवळच्या दूध केंद्रात सकाळचं सगळं दूध टाकीत होतं आणि ते थंड करणारं यंत्र सुरूच होत नव्हतं. ती ओळ नुसती पत्त्यासारखी दिसायची, जायची कुठेच नाही. फाईलमध्ये दोन्हींचं नाव 'तापमान'च; त्यातलं टाकीचं कोणतं आणि कॉम्प्रेसरचं कोणतं, हे ओळखायला लावलेलं ते आडनाव होतं. तिच्यावाचून यंत्राला सेटिंगची फाईल वाचता येत नव्हती.

"दादा, नवी फाईल मोबाईलवर पाठवते. केबलनं कॉम्प्युटरवर घ्या."

"केबल कुत्र्यानं खाल्ली, ताई."

मग ती ओळ फोनवरूनच, एकेक अक्षर सांगत.

"आता दोन टिंबं."

"येकावर येक का शेजारी शेजारी?"

यंत्र तसंच गप्प. रेबेकाने पुण्याला आपल्या साहेबांना, हर्षलसरांना फोन लावला.

"सर, 'टाकी तापमान बरोबर चार' इतकं साधं ठेवा, असं मी तेव्हाच म्हणत होते."

"आणि उद्या तिसऱ्या कंपनीचं यंत्र आलं की नावांची खिचडी. आडनावं लावणारं एक्सएमएलच बरोबर आहे. ऑपरेटरनं फाईलला हात लावायचाच कशाला?"

"त्याच्याशिवाय तिथे आहे कोण, सर?"

"नगरहून माणूस पाठवतो."

माणूस पोचेपर्यंत दुपार होणार होती. तिने पुन्हा मच्छिंद्रला लावला.

"ताई, वास बदलाय लागलाय. रतनबाई दारातच बसल्यात. गाय व्याल्यावर आज पयल्यांदाच दूध घातलंय त्यांनी."

"पहिल्यापासून वाचा, दादा. माझ्यासाठी."

लेक किंचाळत होती. मच्छिंद्र शाळेतल्या पोरासारखा वाचत होता. मधली एक तिरकी रेघ राहिली होती. ती घातली आणि फोनमध्ये घरघर सुरू झाली.

"झालं, ताई! झालं!" मग झाकण उघडल्याचा आवाज. "फाटलंय."

मागून रतनबाईंचा म्हातारा आवाज आला, "वत रं बाबा. माजं बी त्यातच हाय. वत."

"तुमी पाजा तिला निवांत," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "मघापासनं रडतीय."

फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे नळ उघडला, मोरीत दूध पडू लागलं. इकडे लेक पुन्हा प्यायला लागली. तिच्या ओठांवरून ओघळलेला थेंब रेबेकाने बोटाने टिपला आणि तो आवाज थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.