पातूरचा झगा

२०१७ साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारायला आत शिरलेला माणूस बांधावरून दिसायचा नाही, औषधाचं धुकं तेवढं दिसायचं. नळी वर धरावी लागायची आणि वारा फिरला की सगळं तोंडावर यायचं. शकुनचा नवरा रामराव मजुरीनं फवारायचा. भादव्यात एका दुपारी तो फवारता फवारता खाली बसला तो उठलाच नाही. त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण आठ दिवस डोळ्यांपुढे धरलेली बोटं त्याला दिसत नव्हती.

तो घरी आल्यावर शकुन पातुरात नसीमबानोच्या दुकानात गेली. नसीमबानो शिवणकाम करायची. शकुनच्या पोरींचे शाळेचे कपडे तिच्याच हातचे.

"आपा, डॉक्टर म्हनते अंग झाकून फवारा. बजारात प्लास्टिकचं भेटते, पन त्यात मानूस उकडून मरते. तुमी काई करून द्या ना."

नसीमबानोनं वीस वर्षं बुरखे शिवले होते. अंगभर कापड घालून वैशाखाच्या उन्हात कसं चालायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं छत्रीचं कापड आणलं. पहिला झगा रामरावानं अंगणातच घामाघूम होऊन काढून टाकला. दुसरा वाकताना पाठीत उसवला. तिसऱ्याला तिनं काखेखाली चुण्या दिल्या, त्यातून वारा खेळायचा. मनगटाला इलॅस्टिक, पाठीमागं गाठ मारायची नाडी, डोक्याला टोप, डोळ्यांपुढे पारदर्शक पट्टी. तो घालून रामराव भर दुपारी तासभर वावरात हिंडला.

"जमते," तो म्हणाला. रामराव मुळातच कमी बोलायचा.

पण त्याच्याशिवाय कुणी तो झगा घालीना. कारण एकच होतं, शिवम. शेजारच्या गावचा हा पोरगा शेतीचे व्हिडिओ करायचा आणि ते सहा लाख लोक बघायचे. काळा गॉगल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पाठीवर पंप, मागं गाणं. गावोगावची तरणी पोरं तशीच फवारायला लागली होती. झग्याचं नाव काढलं की विचारायची, "शिवमभाऊ घालते का?"

"मंग त्यालेच घालाले लावू," नसीमबानो म्हणाली.

अकोल्यात कृषी प्रदर्शन होतं आणि शिवम तिथं येणार होता. दोघी एसटीनं गेल्या. पोरांच्या गराड्यातून वाट काढत नसीमबानोनं झगा त्याच्यापुढे धरला.

"बेटा, एक डाव घालून व्हिडिओ कर. तुयं पाहून लोकं घालतीन."

शिवमनं झगा घेतला, अंगात घातला, टोप ओढला. नसीमबानोला क्षणभर वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यानं मोबाइलपुढे दोन्ही हात वर केले आणि हेल काढून ओरडला, "पातूरचं भूत आलं रे!"

सगळा मंडप हसला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! काहींनी झगा सोडून तिच्या बुरख्यावर आणि धर्मावर घसरत भलतंच लिहिलं होतं. नसीमबानोनं ते सगळं वाचलं. दोन दिवस तिनं दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं आणि तोच झगा दाराबाहेर, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. शकुन घाबरली. "आपा, लोकं हासतीन वो."

"हासू दे. ज्याले हासाचं त्यानं इथं येऊन हासावं."

लोक खरंच आले. 'भूत' बघायला म्हणून आले, हसले आणि मग कापडाला हात लावून बघायला लागले. चुण्या कशाला, पट्टी कशाची, असं विचारायला लागले. आधी बायकांनी मागितले. ज्यांच्या घरचे पुरुष वावरातून डोळे चोळत परतायचे, त्या बायकांनी. पंधरा दिवसांत नसीमबानोचं मशीन दिवसभर थांबेना.

तोवर फवारणीतल्या विषबाधेची बातमी मोठ्या वाहिन्यांवर पोचली होती. वऱ्हाडात कॅमेरे फिरायला लागले. एक दिवस रामरावाच्या दारातही गाडी उभी राहिली. आकांक्षा नावाची वार्ताहर मुंबईहून आली होती. वागायला चांगली होती, पण तिला जे हवं होतं तेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"ताई, ते पडले तेव्हाचं परत एकदा सांगा. जरा सावकाश. त्यांच्याकडे बघत."

शकुननं तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा ती उठून उभी राहिली.

"बाई, तो पडला कसा हे तीन डाव सांगतलं. आता उठला कसा ते इचारा ना!"

आकांक्षानं विचारलं, "कसे उठले?" शकुननं तिला सरळ नसीमबानोच्या दुकानात आणलं.

नसीमबानोनं कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "पयले घालून पाहा, मंग इचारा." रामरावानं पंपात साधं पाणी भरून दिलं आणि आकांक्षा झगा घालून डोक्याएवढ्या कपाशीत शिरली. वीस मिनिटांनी बाहेर आली. वरून झगा पाण्यानं निथळत होता. टोप काढल्यावर तिनं शर्टाची बाही चाचपली. कोरडी होती.

"आता बोला," ती म्हणाली.

"मी माप सांगतो," नसीमबानो म्हणाली. "पुरं सांगतो. मधात कापू नका."

कॅमेरामन कुरकुरला, एवढं लांबलचक कुणी दाखवत नाही. आकांक्षानं त्याला हातानंच थांबवलं. आणि गळ्यातल्या टेपवर बोट ठेवत नसीमबानोनं छाती, खांदा, बाही, चुणी सगळं सांगितलं. कोणती शिवण दुहेरी मारायची तेही सांगितलं.

रात्रीच्या बातम्यांत ते सगळं दाखवलं. चहाच्या टपरीवरच्या टीव्हीपुढे अर्धं पातूर जमलं होतं. रडारड नव्हती, करुण संगीत नव्हतं. आपल्या गावची शिंपीण साऱ्या महाराष्ट्राला कापड कापायला शिकवत होती. शकुननं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. "आपल्या पोरीचे ड्रेस याच शिवते!"

त्यानंतरच्या आठवड्यात एक म्हातारा दुकानात आला. धोतर, टोपी, लालभडक डोळे.

"मी भगवंतराव. शिवमचा बाप."

नसीमबानोची कैची थांबली.

"त्या व्हिडिओत पोरगं पाच मिनिटं फवारते. बाकीचं वावर कोन फवारते, हे कोनी इचारत नाई." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "मी फवारतो. माप घ्या, बाई. त्याचंही घ्या. बाहीर उभा हाय."

"जो आत येईन त्याचं माप घेतो," नसीमबानो म्हणाली.

शिवम आत आला. गॉगल खिशात होता. "काकू, त्या दिवशी मी..."

"हात वर कर."

त्यानं हात वर केले. तिनं छातीचं माप घेतलं, खांद्याचं घेतलं, वहीत लिहिलं.

शिवमच्या पुढच्या व्हिडिओत गाणं नव्हतं. बाप आणि तो दोघं झगा घालून उभे होते. आधी त्यानं माफी मागितली आणि मग झगा कसा चढवायचा ते दाखवलं. तो व्हिडिओ भुताच्या तिप्पट लोकांनी पाहिला. मात्र महिन्याभरात लोक त्याला 'शिवमचा झगा' म्हणायला लागले. शकुनचं पित्त खवळलं. नसीमबानोनं शिवमला फोन लावला.

"मायं नाव नाई घेतलं तरी चालते. गावाचं घेशीन. झगा पातूरचा हाय."

त्यानं तसंच सांगितलं आणि तेच नाव रुळलं.

पुढच्या वर्षी नसीमबानो पुतणीच्या लग्नाला अमरावतीकडे गेली. चांदूर रेल्वेजवळ फाटक पडलं आणि एसटी उभी राहिली. खिडकीतून शेजारच्या कपाशीत एक टोप हलताना दिसला. कापड तिच्या दुकानातलं नव्हतं, पण काखेखालच्या चुण्या होत्या. ती खाली उतरून बांधावर गेली.

"बाई, हे कोनं शिवलं?"

झग्यातल्या बाईनं पट्टी वर केली. "मीच शिवलं. टीव्हीवर एका पातूरच्या बाईनं माप सांगतलं होतं, ते लिवून घेतलं."

"ते मीच." नसीमबानोचा आवाज आपोआप चढला होता.

बाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमीच काय? मंग गाठ पाठीमांगं काहून ठेवली वो? एकट्या बाईनं कशी बांधाव? मी पुढं घेतली, पाहा."

नसीमबानोनं पाहिलं. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला, सुटसुटीत गाठ होती. तिनं ओढून बघितली. पक्की होती. आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडलं, एसटीच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. नसीमबानो वीत लावून गाठीपासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजत होती.

"थांब म्हना त्याले," ती म्हणाली, "माप घेऊन राहिली मी."