पिवळ्या मानेची गिटार

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. माझी मान पिवळी पडली आहे. कुणी म्हणतं उन्हानं, कुणी म्हणतं वयानं. साफ खोटं! ती वसमतच्या हळदीनं पिवळी झाली.

नांदेडच्या एका दुकानात मी कोपऱ्यात धूळ खात होते. भागवतनं मला लेकीसाठी, प्रतिक्षासाठी, आणलं. एसटीत मांडीवर घेऊन बसला होता. घरात टेकवताच म्हणाला, "शाळेच्या गॅदरिंगला वाजवलं त ठीक, न्हाई त जिथली तिथं परत."

हातात तीन महिने होते. पहिल्याच आठवड्यात तारा रुतून पोरीच्या बोटांना फोड आले. तिची आई सोजराबाई रोज संध्याकाळी गरम तेलात हळद कालवून बोटांना लावायची, वर चिंधी बांधायची. सकाळी बोटं लोण्यासारखी मऊ. पुन्हा तार, पुन्हा फोड. माझा आवाज नुसता खरखर, आणि मानेवर हळदीचे ठसे. मला तोंड असतं तर ओरडले असते, "बाई, पुरे कर ही माया!"

दोन महिने असेच वाया गेले. मग भागवतचा चुलतभाऊ हरीश आला. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्यानं पोरीची बोटं उलटी करून पाहिली.

"वहिनी, हळद काहून लावून राहिल्या?"

"लेकराला तकलीफ होती."

"घट्टे पडू द्या की! मऊ बोटानं तार दबत न्हाई."

सोजराबाई भडकली. आपले दोन्ही हात तिनं त्याच्यापुढं धरले. खुरपून खुरपून चामडं झालेले. "हे बघा. घरात एकीचे तरी हात मऊ ऱ्हाऊ द्या म्हणलं!"

हरीशनं मला तिच्याच मांडीवर ठेवलं. "दाबा तार." तिनं दाबली, त्यानं छेडली. मित्रांनो, पहिल्याच वेळी असा स्वच्छ सूर निघाला, की मीच दचकले!

"आई, दुखलं न्हाई?" प्रतिक्षानं विचारलं.

"हॅट! खुरप्यापुढं ही तार काय?"

त्या दिवसापासून हळद बंद. माझ्या मानेवरच्या पट्ट्यांमधली चार घरं, चार बोटं, एकामागून एक. करंगळी सगळ्यात आळशी, तिला दुप्पट काम. "आधी बराबर, मग भरभर," हरीश बजावायचा. गॅदरिंगला प्रतिक्षा दोनदा चुकली, पण थांबली नाही. भागवतनं मागून शिट्टी मारली. मला परत द्यायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. काय दिवस होते ते!

आता ती पुण्याला नोकरीला आहे आणि मी खुंटीला. माझ्यावर छत्री अडकवतात. येणारे-जाणारे मला धरून फोटो काढतात, तारेला बोट लावत नाहीत. राग येतो. पण त्याहून मोठा राग परवा आला. सुट्टीवर आलेल्या प्रतिक्षाला बघायला पाहुणे आले होते, आणि चहा देऊन होताच सोजराबाईनं आपले हात पदराखाली लपवले.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. तारा गंजल्या तर गंजू द्या. पण तुमच्या घरातल्या अशा हातांना पदराखाली जावं लागेल, असं कधी वागू नका.